लढाईला दहा, गप्पांना सात

साय-फाय आणि फँटसी सिरीजच्या चाहत्यांमध्ये ‘सर्वोत्तम एपिसोड कोणता’ हा वाद सुरू झाला, की पहिली पाच नावं कशी असतील ते मी आधीच सांगू शकतो. एकात प्रचंड लढाई असेल. दुसऱ्यात लग्नाच्या मांडवात कत्तल असेल. तिसऱ्यात कित्येक सीझन लपवून ठेवलेलं गुपित फुटेल. चौथ्यात आवडतं पात्र मरेल आणि पाचव्यात मेलेलं आवडतं पात्र परत येईल. यादी करणारा बदलतो, सिरीज बदलते, निकष तोच राहतो : ज्या एपिसोडमध्ये सगळ्यात जास्त काहीतरी घडलं, तो सगळ्यात चांगला.

हा निकष मला साफ नामंजूर आहे. नुसत्या आवडीनिवडीचा प्रश्न असता तर सोडून दिलं असतं. ज्याला जे आवडतं ते त्याने पाहावं. पण या निकषामुळे ‘एपिसोड’ नावाचा कथाप्रकारच आपल्या डोळ्यांदेखत संपत चाललाय, आणि त्यावर प्रेम करतो म्हणणारे आपणच बाजूला उभे राहून टाळ्या वाजवतोय. म्हणून हे भांडण.

(पुढे भरपूर स्पॉयलर आहेत. त्यातले काही १९६७ सालचे आहेत, तेव्हा तक्रार करण्याआधी जरा विचार करा.)

मुद्दल कुणाचं, नाव कुणाचं

‘गेम ऑफ थ्रोन्स’चा ‘द रेन्स ऑफ कॅस्टमीर’ घ्या. २०१३ साली आलेला, तिसऱ्या सीझनचा नववा एपिसोड. सगळे त्याला ‘रेड वेडिंग’ म्हणून ओळखतात. पुढच्या वर्षी त्याला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. तो वाईट आहे असं कोण म्हणेल? पण तो पाहताना तुमचा श्वास का अडकला, याचा विचार करा. रॉब आणि कॅटलिन स्टार्क यांच्याशी तुमची ओळख त्या रात्री झालेली नव्हती. त्याआधी २८ एपिसोड झाले होते. त्यांत ही माणसं जेवली, चिडली, मैलोन्‌मैल घोडी दामटत राहिली, एकमेकांना न पटणारे सल्ले देत बसली. ते २८ एपिसोड थेंबाथेंबाने मुद्दल साठवत होते. एकोणतिसाव्याने ते एका रात्रीत व्याजासकट काढून उधळलं. आणि यादीत नाव लागलं ते उधळणाऱ्याचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

त्याच सिरीजच्या शेवटच्या सीझनचा दुसरा एपिसोड, ‘अ नाइट ऑफ द सेव्हन किंगडम्स’, आठवतोय का? उद्या मेलेल्यांचं सैन्य येणार आहे, बहुतेक सगळे मरणार आहेत, आणि आजची रात्र काढायची आहे. बस्स, एवढंच. काहीजण शेकोटीशी बसून पितात. पॉड्रिक गातो. जेमी लॅनिस्टर ब्रिएनला नाइट करतो, आणि इतकी वर्षं कधी न हसणारी ती बाई हसते. त्या खोलीत एकही तलवार कुणाच्या अंगावर चालत नाही. आठ सीझनांत या पात्रांनी एकमेकांना काय दिलं आणि एकमेकांकडून काय हिसकावलं, त्याचा सगळा हिशेब त्या शेकोटीभोवती होतो. पण ‘सर्वोत्तम’च्या वादात हे नाव काढलं की उत्तर ठरलेलं असतं : ‘छान होता, पण काही घडलं नाही ना.’

लढाईला दहा, गप्पांना सात.

आपला महाएपिसोड, त्यांचा महाएपिसोड

आपल्याकडच्या मराठी मालिकांमध्ये रविवारी ‘महाएपिसोड’ असतो. आठवडाभर जाहिरात चालते. मग दोन तास लग्न, किंवा लग्नात पोलीस, किंवा पोलिसांसमोर जुळी बहीण. घरातली मोठी माणसं तो पाहतात आणि आपण मोबाइलमागून त्यांची टिंगल करतो. काय ते ताणणं, काय ते संगीत, काय तो तीनदा वळणारा कॅमेरा!

मग तेच आपण रात्री हेडफोन लावतो आणि ‘बॅटल ऑफ द बास्टर्ड्स’ला दहापैकी दहा देऊन झोपतो. २०१६ चा हा एपिसोड तांत्रिकदृष्ट्या थक्क करणारा आहे, यात वाद नाही. लेखन आणि दिग्दर्शन अशी दोन्ही एमी पारितोषिकं त्याने घेतली. पण त्याची गोष्ट एका वाक्यात सांगून पाहा : चांगला माणूस हरत आला, तेवढ्यात मदतीचं सैन्य आलं, वाईट माणसाला त्याच्याच कुत्र्यांनी खाल्लं. हाच महाएपिसोड. बजेट मोठं, चिखल खरा, एवढाच फरक.

माझं भांडण लढाईशी नाही. याच सिरीजचा २०१२ चा ‘ब्लॅकवॉटर’ पाहा. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी स्वतः लिहिलेला. एरवी ही सिरीज एका तासात चार-पाच प्रदेश फिरून येते. इथे तिने स्वतःला बांधून घेतलं : एक शहर, एक रात्र. बाहेर समुद्रावर हिरवी आग पेटते आणि आत बायकांच्या दालनात सर्सी दारू पीत सान्साला समजावते, की शहर पडलं तर बायकांचं काय होतं. लढाई आपल्याला त्या दालनातून कळते, आणि म्हणून ती भीतिदायक होते. स्वतःची सुरुवात, स्वतःचा शेवट, स्वतःचं कुंपण. तो एपिसोड आहे. ‘बॅटल ऑफ द बास्टर्ड्स’ हा सोहळा आहे.

गरिबीतले एपिसोड

माझी स्वतःची निवड आता सांगून टाकतो. ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’च्या पहिल्या सीझनमधला ‘ड्युएट’, १९९३.

सीझन संपत आला होता, पैसे संपत आले होते, म्हणून जवळपास सगळा एपिसोड आधीच उभ्या असलेल्या सेटवर उरकायचा ठरला. एक कोठडी, एक कैदी, त्याची चौकशी करणारी एक बाई. बाई म्हणजे किरा, जिचा देश कार्डेशियन लोकांनी अनेक दशकं पायाखाली ठेवला. कैदी कार्डेशियन. त्याला जडलेला आजार फक्त एका विशिष्ट छळछावणीत असलेल्या माणसालाच होऊ शकतो. आधी तो म्हणतो, मी साधा कारकून होतो. मग पुरावे त्याच्याविरुद्ध जातात आणि तो फुशारक्या मारू लागतो : होय, मीच तो छावणीचा प्रमुख, मीच मारलं सगळ्यांना. आणि मग किराला समजतं, की तो खरोखरच कारकून होता. प्रमुख कधीच मरून गेलाय. हा माणूस रात्रीच्या किंकाळ्या ऐकून कानांवर हात ठेवून पडायचा. आता त्याला प्रमुख म्हणून फासावर जायचंय, कारण आपल्या देशाने आपला गुन्हा मान्य करावा यासाठी दुसरा कुठलाच मार्ग त्याला सुचलेला नाही.

शेवटी किरा त्याला सोडून देते आणि तिच्याच देशाचा एक माणूस त्याला भोसकतो. कारण विचारल्यावर त्याचं म्हणणं एवढंच, की तो कार्डेशियन होता. हे कारण पुरेसं नाही, हे किराच्या तोंडून येतं. एपिसोडच्या सुरुवातीला ते तिला स्वतःलाच पटलं नसतं.

एकही अंतराळयुद्ध नाही. दोन माणसं आणि मधे कोठडी. तरीही द्वेष म्हणजे काय, अपराधगंड म्हणजे काय, आणि न्याय कुणासाठी असतो, यावर साय-फायने इतक्या थोड्या सामानात इतकं क्वचितच सांगितलंय.

हा योगायोग नाही. या कथाप्रकारातले किती थोर एपिसोड चणचणीतून आलेत ते मोजा. ‘द नेक्स्ट जनरेशन’चा ‘द मेझर ऑफ अ मॅन’ (१९८९) : एका खोलीत खटला, आणि प्रश्न हा की डेटा नावाचा अँड्रॉइड माणूस आहे की सरकारी मालमत्ता. लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास आधी वकिली करायच्या, आणि ते जाणवतं. ‘डॉक्टर हू’चा ‘ब्लिंक’ (२००७) : शूटिंगचं वेळापत्रक इतकं भरलेलं, की डॉक्टर अगदी थोडा वेळच दिसेल अशी गोष्ट हवी होती. स्टीव्हन मॉफट यांनी मग पापणी मिटली की सरकणारे दगडी पुतळे दिले. ज्या सिरीजच्या नावातच डॉक्टर आहे, तिचा सगळ्यात लाडका एपिसोड डॉक्टरविना चालतो. ‘मिडनाइट’ (२००८) : एका बंद वाहनात अडकलेले प्रवासी, आणि न दिसणारा राक्षस. तो शेवटपर्यंत दिसत नाही. दिसतात ती घाबरल्यावर शेजाऱ्याला बाहेर फेकायला निघालेली सभ्य माणसं.

पैसे नसले की लेखकाला माणसांकडेच वळावं लागतं. ड्रॅगन परवडत नसला की संवाद लिहावा लागतो.

वेताळाला हे ठाऊक होतं

एपिसोड म्हणजे काय, हे आपल्याला नेटफ्लिक्सने शिकवायची गरज नाही. वेताळपंचविशी आठवा. विक्रम राजा प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी पेच टाकतो, राजा उत्तर देतो, वेताळ पुन्हा झाडावर. मोठी गोष्ट पुढे सरकत असते, पण त्या रात्रीची गोष्ट त्या रात्री पुरी होते. तिचा पेच तिचा स्वतःचा असतो. वेताळाने जर पंचवीस रात्री एकच गोष्ट सांगितली असती आणि दर रात्री ‘बाकी उद्या’ म्हणून लटकून राहिला असता, तर राजाने त्याला तिसऱ्या रात्रीच जमिनीवर आपटलं असतं.

हल्ली सिरीज बनवणारे अभिमानाने सांगतात, की आम्ही सिरीज नाही, दहा तासांचा सिनेमा बनवलाय. आपणही ते कौतुकाने ऐकतो. मला ते ऐकून भीती वाटते. दहा तासांच्या सिनेमाचे दहा तुकडे केले म्हणून त्याचे एपिसोड होत नाहीत. पावाचे दहा काप केले म्हणून दहा पदार्थ होत नाहीत. तुम्ही गेल्या दोन वर्षांत बिंज केलेल्या एखाद्या सिरीजचा चौथा एपिसोड कुठे सुरू होऊन कुठे संपला, हे आठवून बघा. नाही आठवत? तुमच्या स्मरणशक्तीचा दोष नाही. आठवावं असं वेगळं तिथे काही नव्हतंच.

याचा अर्थ प्रत्येक एपिसोड सुटासुटा हवा, असा नाही. ‘लॉस्ट’चा ‘द कॉन्स्टंट’ (२००८) सुरुवातीपासून सिरीज पाहिल्याशिवाय पूर्ण कळत नाही. पण त्याला स्वतःचा प्रश्न आहे : काळात भरकटलेल्या डेसमंडला दोन्ही काळांत सापडेल असं एक माणूस हवंय, नाहीतर तो मरेल. आणि त्याला स्वतःचं उत्तर आहे : एका नाताळच्या आदल्या रात्री वाजणारा फोन. ‘बॅटलस्टार गॅलेक्टिका’चा ‘३३’ बघा. दर ३३ मिनिटांनी शत्रू येतो, पाच दिवस कुणी झोपलेलं नाही, आणि उरलेल्या माणसांचा आकडा फळ्यावर लिहिलेला आहे. तो आकडा सतत कमी होत जातो. शेवटी एक मूल जन्मतं आणि राष्ट्राध्यक्षबाई तो आकडा एकाने वाढवतात. मोठ्या कथेतली फक्त एक पायरी, पण स्वतःत पूर्ण.

‘फिलर’ हा शब्द

आपल्या हातून होणारं सगळ्यात मोठं नुकसान एका शब्दात आहे : फिलर. हा शब्द अॅनिमेच्या जगातून आला. मूळ मांगा पुढे सरकेपर्यंत वेळ काढायला स्टुडिओ स्वतःच्या मनचे एपिसोड घालायचे, त्यांना फिलर म्हणत. तिथे त्याला नेमका अर्थ होता. आता मुख्य कथानक पुढे न ढकलणारा कुठलाही एपिसोड फिलर ठरतो. 

हा निकष लावला तर ‘द इनर लाइट’ (१९९२) फिलर आहे. पिकार्ड पंचवीस मिनिटं बेशुद्ध पडतो, तेवढ्यात एका नष्ट झालेल्या ग्रहावर अख्खं आयुष्य जगतो, नातू पाहतो आणि जागा होतो; शेवटी त्याच्या हाती एक बासरी उरते. यानाचा प्रवास तसूभरही पुढे सरकत नाही. त्याला ह्यूगो मिळाला. ‘एक्स-फाइल्स’चा ‘क्लाइड ब्रुकमन्स फायनल रिपोझ’ (१९९५) फिलर आहे : कोण कसं मरणार हे दिसणारा एक विमा एजंट, आणि त्या वरदानाने आयुष्यातून उठलेला. त्याला लेखनाची एमी मिळाली. त्या सिरीजच्या परग्रहवासी कटकारस्थानाचा मुख्य धागा, जो ‘खरं कथानक’ मानला जायचा, पुढे इतका गुंतला की आज तो नीट समजावून सांगायला तज्ज्ञ लागतो. लोकांच्या लक्षात राहिलाय तो विमा एजंट.

‘द लास्ट ऑफ अस’चा तिसरा एपिसोड, ‘लाँग, लाँग टाइम’, २०२३ मध्ये आला. मुख्य पात्रं बाजूला ठेवून त्याने जगबुडीनंतर एका कुंपणाआड संसार करणाऱ्या दोन पुरुषांची गोष्ट सांगितली. कित्येकांनी त्याला दहा दिले, आणि कित्येकांनी ठरवून एक दिला. एक देणाऱ्यांत द्वेषाने बोलणारे होते, त्यांच्याशी मला बोलायचं नाही. पण ‘कथानक पुढे गेलं नाही’ म्हणणारेही होते, त्यांना विचारायचंय : पुढे म्हणजे कुठे? जग वाचवायचं कशासाठी, हे त्या एका तासाने सांगितलं. त्यानंतरचे सगळे एपिसोड त्या तासाच्या जिवावर उभे आहेत.

‘पण कचराही होता ना’

होता. मान्यच आहे. वर्षाला २२-२६ एपिसोड करायचे तर त्यात ‘स्पॉक्स ब्रेन’सारखा (१९६८) एपिसोडही निघतो, ज्यात कथानायकाचा मेंदू चोरीला जातो आणि बाकीचे त्याचं शरीर रिमोटने चालवत मेंदू शोधायला निघतात. असे नमुने ढिगाने सापडतील. कमी आणि नेमके एपिसोड केल्यामुळे ‘अँडोर’सारखी सिरीज मिळाली, असंही कुणी म्हणेल. जरूर. पण ‘अँडोर’ नीट पाहा. तिने दहा तासांचा सिनेमा केला नाही, तिने दोन-तीन एपिसोडांचे गट बांधले. तुरुंगाची गोष्ट तुरुंगात सुरू होते आणि ‘वन वे आउट’मध्ये तुरुंग फोडून संपते. दुसऱ्या सीझनमध्ये तर तीन-तीन एपिसोडांचे चार संच, प्रत्येक संचात एक वर्ष. कुंपण घालण्याची जुनी शिस्त तिथेही पाळलेली आहे.

शिवाय त्या कचऱ्याची किंमत कुणाला काय मिळाली तेही बघा. रोनाल्ड मूर नावाचा तरुण ‘द नेक्स्ट जनरेशन’चा सेट पाहायला गेला तेव्हा बरोबर स्वतः लिहिलेली पटकथा घेऊन गेला. तिचा १९८९ मध्ये ‘द बाँडिंग’ हा एपिसोड झाला. थोर वगैरे नाही, साधा, मधला एपिसोड. पण वर्षाला २६ एपिसोड भरायचे असल्यामुळे नवख्याला दार उघडं होतं. त्याच मूरने पंधरा वर्षांनी ‘३३’ लिहिला. ‘एक्स-फाइल्स’मध्ये व्हिन्स गिलिगन यांनी १९९८ साली ‘ड्राइव्ह’ लिहिला, त्यात एका चिडक्या, त्रासलेल्या माणसाच्या भूमिकेसाठी ब्रायन क्रॅन्स्टन आला. पुढे ‘ब्रेकिंग बॅड’चा नायक म्हणून त्याचं नाव चॅनेलला पटेना, तेव्हा गिलिगन यांनी हाच एपिसोड दाखवला. ज्याला आज आपण सहज फिलर म्हणू, त्यातून वॉल्टर व्हाइट आला.

आता आकडे बघा. ‘द नेक्स्ट जनरेशन’ने १९८७ ते १९९४ या सात वर्षांत १७८ एपिसोड केले. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ने २०१६ ते २०२५ या साडेनऊ वर्षांत ४२. आठ एपिसोडांच्या सीझनमध्ये नवख्याला चूक करायला जागा कुठे? २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पटकथालेखकांनी १४८ दिवस संप केला, तेव्हा त्यांच्या तक्रारींत हीच होती : छोटे सीझन, मोजके लेखक, थोड्या आठवड्यांचं काम, आणि सेटवर जाऊन शिकायची संधीच नाही. मंडळी शाळा बंद पडल्याचं सांगत होती. आपण तेव्हा पुढचा सीझन कधी येणार, हे विचारत होतो.

स्टुडिओ पैसे कुठे लावतो? जिथे गाजावाजा होतो तिथे. आणि गाजावाजा आपण कशाचा करतो? सीझनच्या शेवटच्या दोन एपिसोडांचा. मग सगळे पैसे तिकडे जातात, मधले एपिसोड कमी होतात, दोन सीझनमध्ये दोन-तीन वर्षं जातात, आणि पात्रं नीट ओळखीची होण्याआधीच मरू लागतात. मग आपणच म्हणतो, ‘हल्ली कुणाच्या मरणाचं काही वाटत नाही.’ कसं वाटेल? मुद्दल भरणाऱ्या एपिसोडांना आपण फिलर म्हणून हाकललंय.

वाद घालायचाच तर

सर्वोत्तमचा वाद बंद करा, असं मी मुळीच म्हणत नाही. १९६७ चा ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ आजही लोक पाहतात, कारण चाहते गेली साठ वर्षं त्यावरून भांडतायत. हार्लन एलिसनचा मूळ मसुदा चांगला की बदललेला, हे भांडणही अजून चालू आहे. भांडणामुळेच तो एपिसोड जिवंत आहे. एका चांगल्या बाईला वाचवलं तर पुढे कोट्यवधी मरतील, म्हणून तिला गाडीखाली जाऊ द्यायचं का, हा त्यातला पेच वेताळालाही आवडला असता.

फक्त भांडताना समोरच्याला तीन प्रश्न विचारा. तुझ्या एपिसोडचा स्वतःचा पेच कोणता? तो त्याच एपिसोडमध्ये सुटतो का? आणि त्यातली लढाई, मृत्यू, गौप्यस्फोट काढून टाकला तर मागे काय उरतं? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक महाएपिसोड गप्प बसतात.

‘ड्युएट’मधून काढून टाकण्यासारखं काहीच नाही. तो सुमारे पंचेचाळीस मिनिटांचा आहे. एवढ्यात हिरवी आग नाही, ड्रॅगन नाही, पण कोठडीतला तो कारकून आहे. पाहून घ्या, आणि मग या माझ्याशी भांडायला.